दोन कड्यांचं फाटक

भिंतीतल्या फाटकाला दोन कड्या होत्या, एक आमच्या बाजूने, एक त्यांच्या. दंगल थांबली तेव्हा दोन्हीकडच्या शहाण्यांनी काढलेली ही युक्ती. रोज सकाळी दोघांनी आपापली कडी काढायची, तरच फाटक उघडणार. आमची कडी सासूबाईंकडे. पलीकडे एक राखणदार, तोही आता पन्नाशीला आलेला.

कडीला हात घालण्याआधी सासूबाई रोज विचारायच्या, "काय रे, माझ्या मुलाचं कळलं काही?"

"नाही मावशी."

मग कड्या निघायच्या.

त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा. दंगलीत पलीकडे गेला तो गेलाच. मी रडून कधीच मोकळी झाले. सासूबाईंचं आपलं एकच, कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. मी मनात म्हणायचे, अहो, इथे रोज उजाडून उजाडून आपण दोघी म्हाताऱ्या झालो!

परवा फाटक कायमचं काढायला कामगार येणार होते. शेवटची सकाळ म्हणून मीही सोबत गेले. सासूबाईंनी काही न विचारताच कडीला हात घातला.

"मावशी, आज विचारलं नाहीत?" पलीकडून आवाज आला.

"विचारून विचारून जीभ झिजली रे."

"मग मी विचारू? माझा धाकटा भाऊ त्याच दिवशी तुमच्याकडे अडकला होता. रोज तुम्हीच आधी विचारायच्या, माझं राहूनच जायचं."

पलीकडचा तो पोरगा कुठे आहे, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फाटकासमोरच्या लाँड्रीमागच्या अंगणात, जिथे नंतर घाईघाईने फरशी घातली. बोलत कुणी नाही. बोललं तर पुरणाऱ्यांची नावंही निघतील, लाँड्रीवाल्याचं सगळ्यात आधी, आणि ती माणसं आमच्याच नळावर पाणी भरतात.

मी सासूबाईंचा दंड धरला. "नका सांगू. आपल्याला इथेच राहायचंय."

त्यांनी हात झटकला. "गप गं. माझ्या मुलाच्या वेळी पलीकडे एखादी सून हेच म्हणाली असेल."

आणि कडी काढली. "लाँड्रीच्या मागे आहे रे तो. ये, दाखवते."

पलीकडची कडी बराच वेळ निघाली नाही. मागे लाँड्रीचं शटर वर गेलं. मी सासूबाईंच्या आणि लाँड्रीच्या मधे जाऊन उभी राहिले.