रेसचा कॅम आणि बैलगाड्यांचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल जीप आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. नव्या गाड्यांना जिथं धाप लागते, तो चढ मी गुणगुणत चढते.

कारखान्यातून आले तेव्हा आबासाहेबांनी मला हार घातला होता. पुढं मी त्यांच्या नातवाच्या, उदयसिंहाच्या हाती आले. त्याची बायको वैजयंती उसाच्या रोपांची नर्सरी चालवते. श्रीपूरकडच्या शेतकऱ्यांना रोपांचे ट्रे पोचवायचे, हे आम्हा दोघींचं काम. लई मानाचे दिवस होते ते.

मग उदयसिंहाला चिखलातल्या शर्यतीचं वेड लागलं. त्यानं माझ्या इंजिनात रेसचा कॅम बसवला. कॅम म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. या दांड्यानं झडपा जास्त वेळ उघड्या राहायच्या. भरधाव सुटले की अंगात वारं शिरायचं. पण जागेवर उभी राहिले की हिवताप आल्यागत थडथडायची. आणि ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर भरधाव सुटतंय कोण? पुढं बैलगाड्यांची रांग! हळू चालवलं की मी गचके देऊन बंद पडायची. ट्रे उलटायचे, कोवळी रोपं मोडायची.

“आवाज बघ की कसा हाय!” उदयसिंह म्हणाला.

“आवाज काय शेतात लावू? इका हिला, मला टेंपो घ्या,” वैजयंती कडाडली.

करमाळ्याचं गिऱ्हाईक आलं. मेल्यानं म्हशीगत मला चाचपलं आणि रविवारी न्यायला येतो म्हणाला. माझं तर तेलच गोठलं. उदयसिंहाचंही तोंड उतरलं. शेवटी विकायच्या आधी एकदा दाखवू म्हणून दोघांनी मला सिद्धलिंग मिस्त्रीकडं नेलं.

“गाडी चालती कुटं?” मिस्त्रीनं विचारलं.

“बैलगाडीच्या मागं!” नवऱ्याच्या आधी वैजयंतीच बोलली.

“मग भरधाव पळायचा जोर थोडा सोडा, हळू चालतानाची ओढ घ्या. मूळच्यापेक्षा जरा चढा, पण रेसच्यापेक्षा मवाळ कॅम घालू.”

कॅम बसला. वैजयंतीनं ट्रे भरले आणि मुद्दाम मला एका बैलगाडीमागं लावलं. बैल थांबले, मी थांबले. बंद पडले नाही. बैल निघाले, मीही निघाले. गचका नाही. पुढच्या चढाला भरल्या पोटानं अशी ओढ घेतली, की वैजयंती हसलीच.

“हिला न्हाय इकायची.”

“आन् माजी शर्यत?”

“शर्यतीत तुमी पळा की!”

माझा जीव भांड्यात पडला. रविवारी ते गिऱ्हाईक आलं तेव्हा मी रोपं घेऊन कामावर गेले होते.

मित्रांनो, गाडीला जोर जरूर द्या. पण ती रोज कुठल्या रस्त्यानं जाते, ते आधी बघा. आणि बॉनेट उघडायच्या आधी, जी रोज चालवते तिला विचारा.