भांडकुदळांची होडी

मी होडी बोलतेय! आमच्या विद्यापीठाच्या गावी आलात की घाटावर कुणालाही विचारा, "भांडणाची होडी कुठली?" माझ्याकडेच बोट दाखवतील. सुताराने मला डावीकडे कललेलीच घडवली, वर म्हणाला, "नदीच वाकडी आहे!"

माझे मालक नवरा-बायको. दादा वल्ही मारतात, वहिनी सुकाणू धरतात. पाहुण्यांना घड्याळाचा मनोरा, ग्रंथालय दाखवत आम्ही जुन्या दगडी पुलाखाली यायचो, आणि तिथे ठिणगी पडायची.

"हा पूल राजाने राणीला भेटायला बांधला," दादा सांगत.

"भेटायला? रुसून गेलेली राणी परत येऊ नये म्हणून त्याने कमान अर्धवट ठेवली होती!"

"तू बघायला गेली होतीस?"

"तुम्ही होतात वाटतं मुकादम?"

पाहुणे पोट धरून हसायचे. पण एकदा एक आजोबा म्हणाले, "चारचौघांत भांडता, शोभतं का?" दोघांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून सगळं गोडीगुलाबीत.

"तुमचंच खरं हो."

"छे गं, तुझंच."

पाहुणे जांभया देऊ लागले, मग यायचेच बंद झाले. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात; आमचे गहू तसेच पडून राहिले. शेवटी मला एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरलं. तो म्हणे माझ्यात माती भरून फुलझाडं लावणार!

शेवटच्या फेरीला खुद्द कुलगुरू आले. ऐन मध्यावर माझी तळाची फळी सुटली. देवाशपथ, मुद्दाम नाही केलं.

"अहो, जरासं पाणी शिरतंय. रागावू नका हं."

"मी कशाला रागावू? तू म्हणशील तसं."

पाणी कुलगुरूंच्या गुडघ्यापर्यंत आलं. "अहो, कुणीतरी ओरडा!" ते किंचाळले.

वहिनींचा बांध फुटला. "डावीकडे घ्या! कान घरी ठेवून आलात का?"

"लग्नापासून डावीकडेच घेतोय! तू सुकाणू धरलंयस की लाटणं?"

त्या तावातावात मी घाटाला कधी लागले, कळलंच नाही. कुलगुरू पँट पिळत म्हणाले, "उद्या सगळ्या प्राध्यापकांना पाठवतो."

आता माझ्या तळाला नवी फळी आहे, आणि फुलझाडांचं संकट टळलंय. तुम्हीही या. एवढंच सांगते, कुणाची बाजू घेऊ नका. परवा एका काकांनी वहिनींची घेतली. "आमच्या ह्यांना बोलणारे तुम्ही कोण?" म्हणत वहिनींनीच त्यांना घाटावर उतरवलं. दादांनी हात धरून मदत केली. मग दोघं माझ्या काठावर बसून एकाच कपातून चहा प्यायले.