पेरूच्या मुळाशी

ती मातीच्या प्रयोगशाळेत मुळं धुवायच्या कामावर होती. काचेच्या पेट्यांत वाढवलेली रोपं काढायची, मुळांवरची माती नळाखाली हलक्या हाताने सोडवायची, मग मुळं वाळवायची. मुळं फक्त खतातले क्षार ओढतात असं पुष्कळांना वाटतं. पण मेलेला जीव मातीत विरघळू लागला की त्याच्या मांसातले बारीक अंशही ती तसेच्या तसे पितात, हे साहेबांनी तिला शिकवलं होतं. एकदा एका पेटीत उंदीर मरून पडला. काही महिन्यांनी उंदीर उरला नव्हता. मुळांनी विणलेला त्याचा आकार मात्र होता, शेपटीसकट.

घरी सासूबाईंसाठी तळमजल्यावर खोली वाढवायची ठरली आणि परसातला जुना पेरू आड आला. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या मात्र नाहीत. नवऱ्याने तो म्हातारपणाचा हट्ट समजून कानाआड केला. झाड मुळांसकट हलवायचं म्हणून रविवारी दुपारी त्याने कुदळ घेतली आणि मुळं मोकळी करायला ती खाली बसली.

हातभर खाली गेल्यावर तिची बोटं थबकली. बाकीची मुळं वाटेल तशी पसरली होती; इथे ती एकमेकांत शिरून गच्च झाली होती. तिने माती फुंकून काढली. वीतभर पाठ, पोटाशी घेतलेले गुडघे, छातीवर झुकलेलं डोकं. हाडाचा तुकडाही नव्हता. नुसती मुळं.

"काय गं, खजिना लागला की काय?" म्हणत नवरा वाकला आणि तसाच मागे सरला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

"तुझ्या आधीचा," त्या मुलाला म्हणाल्या. "रडलाच नाही. तुझ्या वडिलांनी मला त्याचं तोंडही दाखवलं नाही. पुरला आणि वर रोप लावलं."

मग त्या खड्ड्याशी बसल्या आणि बघत राहिल्या. इतक्या वर्षांनी त्यांना बाळ दिसत होतं.

नवऱ्याने कुदळ बाजूला ठेवून खड्डा हातांनी बुजवला. खोली झाडाला वळसा घालून बांधली.

चार महिन्यांनी नव्या खोलीत केर काढताना सासूबाईंच्या पलंगाखाली तिला फरशीच्या सांध्यातून वर आलेलं मूळ दिसलं. पांढरं, दोऱ्याएवढं. मुळं ओलीकडे जातात, पण नळ तर घराच्या दुसऱ्या टोकाला होता. ती कात्री घेऊन आली. सासूबाई आडव्या होत्या, एक हात पलंगाखाली लोंबत होता.

"कापू नकोस," त्या म्हणाल्या. "येतोय तो."

तिने कात्री खाली ठेवली. पुढच्या आठवड्यात मूळ वीतभर झालं आणि हाताच्या दिशेला वळलं. सासूबाई दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. डॉक्टरांना काही सापडेना. चेहरा मात्र बाळाला पाजायला घेतलेल्या बाईसारखा निवांत दिसत होता.

परसात पेरूला भलत्याच वेळी नवी पालवी फुटली होती.