मालकाच्या खिडकीतलं कार्ड

तुम्ही त्या म्हाताऱ्याला फसवलंत. जुन्या वास्तू जपणारी तुमची संस्था, तुमचे इतिहासाचे जाणकार, हवेलीच्या खोल्या लोकांना खुल्या करणारी तुमची समिती, सगळ्यांनी मिळून. चूक झाली म्हणायची सोय नाही. त्याच्या मुलीने, नेस्ताने, आधीच बजावलं होतं.

वेल्समधल्या त्या गावात डोंगराच्या एका अंगाला पाटीच्या दगडाची खाण, दुसऱ्या अंगाला खाणमालकाची हवेली. त्या म्हाताऱ्याच्या, एमरिसच्या, आजोबांच्या काळात खाणीत तीन वर्षं संप चालला. संपावरच्या घरांनी खिडकीत छापील कार्ड लावलं, 'या घरात फितूर नाही.' कुणी पोटासाठी कामावर परतला की त्याच्या खिडकीतलं कार्ड उतरायचं आणि गाव त्या घराशी बोलणं टाकायचं. एमरिसच्या घरचं कार्ड उतरलं नाही. त्याची धाकटी आत्या भुकेने गेली, तरी नाही. तेव्हापासून त्या घरातलं कुणी हवेलीचा उंबरा चढलं नव्हतं. मालकाचा वंश बुडाला, हवेली संस्थेकडे आली, तरी नाही.

पहिली चढली ती नेस्ता, एमरिसची मुलगी. वरच्या खोल्या नीट करायला माणसं हवी होती. तिने जुन्या वॉलपेपरवरची धूळ मऊ ब्रशने झाडली, विरलेल्या पडद्यांना टाके घातले. बाप बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. मग संस्थेचा व्यवस्थापक हॅडली, तोंडात साखर घोळवत बोलणारा, म्हणाला की हवेलीमागच्या तबेल्यात खाणकामगारांची खोली करतोय, तिथे संपाचं कार्ड हवं.

"तबेल्यात ना? हवेलीत नाही?" एमरिसने विचारलं होतं.

"तबेल्यातच, बाबा. मी हॅडलीकडून वदवून घेतलंय," नेस्ता म्हणाली.

त्याने स्वतःच्या हाताने कार्ड चौकटीतून काढून दिलं.

खोल्या लोकांसाठी उघडल्या त्या दिवशी तो न सांगता टोपी घालून तयार. शेजारच्या डिलिसने कुंपणावरून विचारलं, "काय एमरिस, राजवाड्यात चहाला? बशीत ओतून पिऊ नकोस हो, गावाची लाज जाईल."

"कार्ड बघून येतो. चहा तुझ्याकडेच."

तबेल्यातली भिंत रिकामी होती. तिथली बाई म्हणाली, कार्ड वर हलवलंय. बरोबर आलेल्या नेस्ताला वाटलं, कपाटात जपून ठेवलं असेल; मी घेऊन येते, तुम्ही थांबा, म्हणाली. पण म्हातारा थांबेना. हवेलीच्या दारात त्याने टोपी काढली, काही आठवून पुन्हा घातली, आणि आत गेला.

कार्ड मालकाच्या निजायच्या खोलीत होतं. खुर्च्यांवर कुणी टेकू नये म्हणून काटेरी बोंडं ठेवलेली, पलंगावर नवी रेशमी चादर, आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेलं, बागेकडे तोंड केलेलं ते कार्ड. खाली बागेत उभे राहून लोक त्या खिडकीचे फोटो काढत होते. काय काढत होते? मालकाच्या घरात फितूर नाही याचे.

बापाने रागवावं, काठी आपटावी, असं नेस्ताला फार वाटलं. तो भिंतीला हात टेकून शांतपणे म्हणाला, "म्हणजे मालकही संपावर होता होय, पोरी?"

हॅडली धावत आला. खिडकीत उजेड चांगला येतो, म्हणाला. तबेल्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. शिवाय दोन्ही बाजू एकाच खोलीत दाखवल्या की पाहुण्यांना विचार करावा लागतो. मग एमरिसकडे वळून त्याने खालच्या चहाच्या खोलीत 'बारा ब्रिथ' हा तिथला मनुकांचा केक घ्यायचा आग्रह केला.

नेस्ताने कार्डाकडे हात नेला. हॅडली हळूच म्हणाला की वस्तूंना हात लावू नये.

"मला समजावू नका," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "यांना सांगा. यांची आत्या ज्याने उपाशी मारली, त्याच्या खिडकीत हे चिकटवताना तुमच्यातल्या एकाचाही हात अडला नाही? समितीचं नको. तुमच्या तोंडून उत्तर हवंय. आम्ही इथून हलत नाही."