येऊन जा

त्र्यंबकरावांनी तो मोबाईल दोन्ही हातांत धरला, अंगठे बटणांवर टेकवले आणि पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखा चेहरा केला.

"अहाहा! ह्याला म्हणतात बटण. दाबलं की बोटाला कळतं, दाबलं म्हणून."

"दाबा की काका. बघायचे पैसे नाय घेत मी," प्रविण म्हणाला.

रामवाडीला एस.टी. स्टँडसमोर प्रविणचं मोबाईलचं दुकान. हा नवा मोबाईल त्यानं कुणा हौशी गिऱ्हाइकासाठी बाहेरून मागवला होता. अर्ध्या अंगाला काच, अर्ध्या अंगाला टाईपरायटरसारखी बारीक बटणं. माल आला आणि गिऱ्हाईक गायब झालं. तेव्हापासून त्र्यंबकराव रोज सकाळी दूध घेऊन घरी जाताना दुकानात डोकावत, मोबाईल हातात घेत, खाली ठेवत, पुन्हा घेत. पोरगी बघायला आलेल्या माणसानंही इतके आढेवेढे घेतले नसते.

"मेलसाठीच बनवलाय म्हणतोस?"

"मेलसाठीच. हे बघा, हे बटण दाबलं की मेल उघडला, हे दाबलं की गेला."

"पण काच केवढीशी. वाचायचं कसं?"

"मग मोठ्या काचेचा घ्या."

"त्याला बटणं कुठायत?"

"नाय."

"मराठी अक्षरं आहेत बटणांवर?"

"इंग्रजीच हायत. इंग्रजीत मारायचं, मराठी उमटतं. तुमच्या मोबाईलवर मारता तसंच."

"मग फरक काय राहिला?"

प्रविणनं कपाळाला हात लावला. त्र्यंबकरावांचा स्वभावच तसा. वांगी घेतानाही भाजीवालीचा जीव खायचे. पण ह्या वेळी गोंधळ नुसता स्वभावाचा नव्हता. खतांच्या कंपनीत विक्री अधिकारी होते तेव्हा कंपनीनं असाच बटणांचा मोबाईल दिलेला. कोलाडच्या हॉटेलात मिसळ येईपर्यंत चार मेल धाडून मोकळे व्हायचे. पुढं सगळीकडे गुळगुळीत काच आली आणि त्यांचा अंगठा तिच्यावर घसरायला लागला. एक अक्षर दाबावं तर शेजारचं हजर. त्यांना एक लांबलचक मेल लिहायचा होता, आणि तो काचेवर लिहून होत नव्हता.

मेल ऋजुताला लिहायचा होता. ऋजुता त्यांची एकुलती एक. तिनं प्रणितशी लग्न ठरवलं, म्हणजे खाडीपट्टीतल्या मिठागरवाल्यांच्या मुलाशी, तेव्हा त्र्यंबकराव भडकून म्हणाले होते, "ह्यापुढं माझ्याशी बोलायचं नाही." पोरगी बापाच्या वरताण निघाली. रोह्याला संसार थाटल्यावर तिचा मेल आला: 'बाबा, तुम्ही बोलायचं नाही म्हणालात. लिहायचं नाही असं म्हणाला नाहीत.' मेल वाचून ऋजुताची आई पद्मजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. तेव्हापासून बापलेकीत लिहिणं होतं, बोलणं नव्हतं. पद्मजाबाई गेल्या तेव्हा ऋजुता येऊन तेराव्यापर्यंत राहिली, तेव्हासुद्धा दोघं एकमेकांशी भटजींमार्फत बोलली.

त्र्यंबकरावांचे दोस्त अंबरीश म्हणायचे, "अरे, बटणं कसली घेतोस? मोबाईलपाशी बोल, तो लिहून घेतो."

हेही त्यांनी करून पाहिलं होतं. दार लावून मोबाईल तोंडाशी धरला, 'ऋजुता' म्हणाले आणि थबकले. मशीनपाशी बोललं तर ते बोलण्यात धरायचं की लिहिण्यात? ठरेना. मोबाईल ठेवून दिला.

"काका, एक करा," प्रविण म्हणाला, "उगा डोक्याला भुंगा नको. एकच वाक्य दोन्ही मोबाईलवर मारा. आधी ह्याच्यावर, मग तुमच्या. काय झेपतं ते कळंल."

"कुठलं वाक्य?"

"कुठलंबी. रोज मारता ते."

रोज मारण्यासारखं वाक्य त्र्यंबकरावांपाशी नव्हतं. गेला महिनाभर मनात घोळत होतं ते एकच. पद्मजाबाईंचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ऋजुतानं मेल करून विचारलं होतं, 'मी आलेलं चालेल का?' त्र्यंबकरावांनी अर्धा दिवस विचार केला होता. 'अवश्य ये' लिहावं तर फारच सैल पडल्यासारखं होईल, 'ठीक आहे' लिहावं तर तिला लागेल. शेवटी लिहिलं, येऊन जा. बरोबर वजनाचं वाटलं. चष्मा शोधत न बसता त्यांनी ते तसंच पाठवून दिलं.

आणि ती आली नाही. भटजी विचारत राहिले, अजून कोणी यायचंय का? त्र्यंबकरावांनी तिचं पान वाढून झाकून ठेवलं आणि दिवसभर फाटकाकडे डोळे लावून बसले. कडी वाजली की उठायचे. संध्याकाळी ते पान गाईला घातलं. तिचा ना मेल, ना निरोप. आधी त्यांना संताप आला, स्वतःच्या आईच्या श्राद्धाला येत नाही म्हणजे काय! मग काळजी वाटली. मग नुसताच गोंधळ राहिला. विचारून बोलावून घेतलं आणि आली नाही, असं का केलं असेल तिनं? हेच त्यांना सविस्तर लिहून विचारायचं होतं.

त्यांनी बटणं दाबली. वाय, ई, यू, एन. मग मोकळी जागा. जे, ए. काचेवर उमटलं: येऊन जा.

"झकास!" प्रविण म्हणाला. "आता तुमचा काढा."

त्र्यंबकरावांनी खिशातून आपला मोबाईल काढला. तीच अक्षरं, त्याच अंगठ्यानं. प्रविण वाकून बघत होता. एकदम खो खो हसायला लागला.

"काका! पाव्हण्याला बोलावताय का हाकलताय?"

त्र्यंबकरावांनी चष्मा लावला. काचेवर लिहिलं होतं: येऊ नको जा.

"हे मी नाही लिहिलं."

"तुम्हीच लिहिलंत, मी बघितलं ना. तुमचा अंगठा मधीच खालच्या पट्टीवर टेकतो. म्हणजे 'येऊ' वेगळं पडलं. मग नुसता एन राहिला, त्याचं मोबाईल आपल्या मनानं 'नको' करतो. त्याला वाटतं, माणूस 'येऊ' म्हणाला म्हणजे पुढं 'नको'च म्हणणार. परत मारा."

त्यांनी परत मारलं. येऊ नको जा. आणखी एकदा मारलं. तेच.

मग त्यांनी, कशासाठी ते प्रविणला न सांगता, आपण पाठवलेले मेल उघडले आणि खाली सरकत गेले. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. पोरीनं विचारलं होतं, आईच्या श्राद्धाला येऊ का. आणि बापानं कळवलं होतं, येऊ नको जा. लहान पोरं रुसून पाय आपटून म्हणतात तसं. त्र्यंबकराव स्टुलावर बसले ते बसूनच राहिले.

"काका, बरं वाटत नाय का? पाणी देऊ?"

"रोह्याची गाडी आत्ता आहे का रे?"

"लागली असंल. पण ह्याचं काय करू?" प्रविणनं बटणांचा मोबाईल उचलून दाखवला.

"ठेव."

"ठेव म्हणजे राखून ठेवू का परत धाडू?"

पण त्र्यंबकराव रस्ता ओलांडत होते. दुधाची पिशवी काउंटरवरच राहिली होती.

गाडीत बसल्यावर त्यांनी फोन लावायचा म्हणून तिचं नाव काढलं. काय सांगणार? 'नको' माझं नाही, मोबाईलचं आहे? कुणी ऐकलं तर हसेल. चुकलं माझं, म्हणावं तर चुकलं अंगठ्याचं. तिचं काही चुकलं नाही, एवढं मात्र नक्की होतं, आणि आपण महिनाभर तिला मनातल्या मनात काय काय बोललो ते आठवून त्यांना आपलीच लाज वाटत होती. नागोठणं गेलं तरी पहिलं वाक्य जुळेना.

घर शोधावं लागलं नाही. पद्मजाबाई चोरून लेकीकडे जायच्या. चोरून कसलं, त्र्यंबकरावच त्यांना गाडीत बसवून द्यायला जायचे आणि कुठं चाललीस ते विचारायचे नाहीत. परत आल्यावर त्या भिंतीला सांगितल्यासारखं सगळं सांगायच्या: कुंडलिकेच्या पुलाअलीकडे, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, दाराशी तुळस.

दार उघडलं ते प्रणितच्या आईनं, काशीबाईंनी. क्षणभर त्या बघतच राहिल्या.

"या वो, या व्याही! ऋजुता गो, बग कोण आयलाय. प्रणित शिफ्टला गेलाय. बसा ना, उभं का?"

ऋजुता आतून हात पुसत आली आणि चौकटीत थांबली. वाळलेली दिसत होती. त्र्यंबकरावांनी धपकन खुर्चीत अंग टाकलं आणि आणखी वाक्य जुळवत न बसता खिशातून मोबाईल काढून तिच्यापुढं धरला.

"हे बघ. मी लिहितो, तू नुसतं बघ."

लग्न ठरल्यापासून ते तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तिनं ते ओळखलं. जवळ आली, वाकली. त्र्यंबकरावांचा अंगठा अक्षरांवरून चालत गेला, मध्येच पट्टीवर टेकला, पुढं गेला.

येऊ नको जा.

"मला येऊन जा लिहायचं होतं," ते म्हणाले. "आजच कळलं. आत्ता, प्रविणच्या दुकानात. मी तुझं पान वाढून ठेवलं होतं गं."

ऋजुता खुर्चीशेजारी खालीच बसली. तिनं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ त्या तीन शब्दांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"मी तयार झाले होते," ती म्हणाली. "सुट्टी टाकली होती. साडीसुद्धा काढून ठेवली होती, आईची."

"एक फोन करायचास. असं का लिहिलंत म्हणून विचारायचंस."

"आईनं असं लिहिलं असतं तर केला असता. तिथल्या तिथं केला असता. काय गं, डोकं फिरलं का, म्हणाले असते." ती थांबली. "तुमचं वाचलं आणि शंकाच नाही आली, बाबा."

  आतून काशीबाईंनी "च्या ठेवलाय, गोड चालतो ना?" असं विचारलं.

"पण आता कळलं ना," त्र्यंबकराव म्हणाले. "मोबाईलनं घोळ घातला सगळा."

"'नको' मोबाईलचं," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "'जा' तर तुमचंच ना?"

"अगं, बोलायची रीत आहे ती. येऊन जा. म्हणतोच की आपण."

"पाहुण्यांना म्हणतो."

खालची गिरणी चालू झाली आणि फरशी हलकीशी थरथरू लागली. त्र्यंबकराव आपल्या अंगठ्याकडे बघत होते. अर्धा दिवस तोलून, मापून, जास्त होऊ नये नि कमी पडू नये म्हणून काढलेला तो शब्द, आणि तो बरोबर पोचला असता तरी हेच म्हणाला असता. ये, पान जेव, आणि जा. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते खुर्चीतून पुढं सरकले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. हात मध्येच राहिला.

"ये," ते म्हणाले.

ऋजुतानं वर पाहिलं.

"राहायला?"

 त्र्यंबकरावांनी मान हलवली. मग मान कशी हलली कोण जाणे, हो म्हणून की नको म्हणून, तिनं भलतंच धरलं तर काय, अशी धास्ती त्यांना वाटली, आणि गिरणीच्या आवाजातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "राहायला."