पिक्चरमधला बाप

माझ्यावर पिक्चर निघाला म्हणून गावाला जेवढा आनंद झाला, तेवढा मला तो बघून झाला नाही. पहिला खेळ नगरच्या थिएटरात होता. पाथर्डीकडच्या आमच्या गावातून टेम्पो भरभरून माणसं आली होती. माझ्या शेजारी आण्णा, म्हणजे माझे वडील पुंजाराम, नवी टोपी घालून बसले होते.

पडद्यावरची दिपाली, म्हणजे मी, पळण्याची शर्यत हरली तरी हसायची. कुणाला उलटून बोलायची नाही. मी कसली तशी! माझ्या नाकावरचा राग सगळ्या तालुक्याला माहीत. शाळेत असताना हरले म्हणून मी माझे बूट विहिरीत फेकले होते आणि आण्णांनी दोर बांधून आत उतरून ते काढले होते. पिक्चरमध्ये बूट फेकले आण्णांनी, वर पळायला जाते म्हणून मला मारून अडवलंसुद्धा. माझा सगळा तापटपणा काढून त्यांच्या अंगावर घातला होता. नायिका गुणी राहिली आणि खलनायक फुकटात मिळाला. पुढं एका गाण्यात तोच बाप सुधारलासुद्धा. दोन कडव्यांत माणूस बदलतो होय?

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पुंजाराम, लेकीला मारीत हुतास व्हय रं?" लोक हसले. आण्णा मान खाली घालून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घोळ कुठं झाला ते मला ठाऊक होतं. दिग्दर्शक ओंकारसर माहिती घ्यायला घरी आले, तेव्हा त्यांनी माझ्याबद्दल विचारलं. आण्णा म्हणाले, "कशाचं काय! लई आळशी हाय. पळून का कुटं प्वाट भरतंय?" आमच्याकडं आपल्या लेकराचं कौतुक आपल्या तोंडानं चारचौघांत करत नाहीत, दृष्ट लागते. बाप नावं ठेवतो आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. ओंकारसर शहरातले. त्यांनी आण्णांचं बोलणं जसंच्या तसं खरं मानलं.

खेळ संपल्यावर आम्हाला स्टेजवर बोलावलं. मी माइक घेतला आणि सांगून टाकलं, "पिक्चरमधला बाप खोटा हाय. माझ्या आण्णांनी मला एकदाबी आडवलं न्हाई. इचारा त्यांनाच."

ओंकारसरांचा चेहरा पडला. मी माइक आण्णांच्या हातात दिला. पोर गुणाची हाय, मीच तिला पळायला धाडली, एवढं म्हटलं असतं तरी त्यांचं नाव धुऊन निघालं असतं.

आण्णांनी भरलेल्या थिएटरवरून नजर फिरवली. मग माझ्याकडं बघितलं. येत्या रविवारी माझी राष्ट्रीय स्पर्धा होती.

"पिच्चरमधी दावलंय ते खरं हाय," ते म्हणाले. "म्या लई आडवली तिला. अजून बी काय धड पळत न्हाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बापानं चूक कबूल केली म्हणून ओंकारसरांनी त्यांना मिठीच मारली.

स्टेजच्या पायऱ्या उतरताना मी फणकारले, "का खोटं बोलले तुमी? गाव थुकंल तुमच्यावर."

"थुकू दे," आण्णा म्हणाले. "रविवारी पळायचंय ना तुला? एवड्या मानसांच्या डोळ्यांम्होरं तुजं गुन गाऊ व्हय?"

मी तिथंच, भर थिएटरात, हमसून हमसून रडले. लोकांना वाटलं, मला पिक्चर आवडला.