काचेत कुणी नको

“ताई, फोटोत तुम्ही नको, खिडकी नको, ट्यूबलाइट नको. फक्त काच आणि तडा.” लॅपटॉपच्या कंपनीची फोनवरची मुलगी सकाळी हे बोलली, ते दमयंतीच्या कानात अजून होतं. पण लेकीच्या, स्वराच्या लॅपटॉपची काच म्हणजे आरसाच. दमयंतीनं अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत तीच, कपाळावरच्या कुंकवासकट, आणि मागे अंगणात बांबूवर वाळणारे बोंबील.

“तुजंच थोबाड दिसतंय गो,” सासूबाई, काशीबाई, ओट्यावरून डोकावल्या. “कंपनीला काय लग्नाचा फोटू धाडतेस?”

दमयंती हसली. लॅपटॉप भिंतीकडे वळवला, तर काचेत भिंतीवरचं कॅलेंडर उतरलं. मग नवऱ्याची काळी छत्री उघडून काचेसमोर धरली, आणि तिच्या काठावरून फोन पुढे केला. सगळं गडप झालं. उरली काळीभोर काच आणि तडा.

फोटो मोठा करून बघताना तिला नवलच वाटलं. पंधरा दिवस नुसता गुंता दिसत होता. आता जाळ्याच्या दोऱ्या गाठीशी येतात तशा साऱ्या रेघा एका जागी येत होत्या. तिथं गोल ठिपका. स्वरा म्हणते तसं कॉलेजच्या बॅगेत दाबलं तर असं गोल कसं उमटेल?

तिचा हात थांबला. खंडेनवमीला जाळी, कोयता, होडीचं इंजिन यांच्यासोबत तिनं लॅपटॉपही पुजला होता. उघडून, बटणांवर अक्षता आणि सुपारी. रात्री मांजर वरून जाईल म्हणून झाकण दाबून मिटलं. उत्तरपूजेआधी देवाचं हलवायचं नाही, म्हणून सुपारी आतच. दसऱ्याला घाईत ती काढून देव्हाऱ्यात ठेवली, काचेकडे बघितलंच नाही.

देव्हाऱ्यातून तीच सुपारी आणून तिनं ठिपक्याशी धरली. बरोब्बर.

मोबाइलवर स्वरानं भरून ठेवलेला अर्ज होता: ‘बॅगेत दाब बसला. चूक माझी.’ सकाळी कंपनीची मुलगी हेही म्हणाली होती, बॅगेत फुटली तर बदलून मिळते. आत वस्तू ठेवून मिटली असेल तर नाही.

“पोरीनं लिवलंय तां राहू दे,” काशीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “कंपनी काय घरात बघाया येते?”

“न केलेलं अंगावर घेतलंय तिनं, आई. पंधरा दिवस धड जेवत नाय.”

“आन् काच नाय गावली तर?”

“नाय गावली तर नाय.”

तिनं स्वराची ओळ पुसली. ‘पूजेची सुपारी आत ठेवून झाकण मी मिटलं,’ असं एकेक अक्षर जुळवत लिहिलं, फोटो जोडला आणि पाठवून दिलं. मग पालघरला कॉलेजात असलेल्या स्वराला फोन लावला.

“आले का गं फोटो नीट? आई, बाबा होडीवरून आले की मीच सांगेन त्यांना. तू नको बोलणी खाऊ.”

“तुझ्याशी बोलायचंय. फोनवर नको. कॉलेज सुटायच्या आत येते.”

“आज एकादशी ना तुझी? उन्हाची कशाला?”

“येते म्हटलं ना.”

काशीबाईंनी दोन केळी तिच्या पिशवीत टाकली. दमयंतीनं पदर डोक्यावरून घेतला. नाक्यावर पालघरची रिक्षा भरत होती. अजून दोन माणसं हवी होती. ती मागच्या सीटवर पार आत सरकून, बाकीच्यांना जागा करून बसली.